मेक्सिकोत मोटरहोम: मुक्काम कुठे करायचे आणि टाक्या कुठे रिकाम्या करायच्या?

रानवाटा
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत सॅन डिएगोहून खाली बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात लोरेतोपर्यंत जायचं ठरवतोय. गाडी स्वतःची आहे, जुनी घेतलेली २६ फुटी मोटरहोम. (ज्या भाडे कंपन्यांकडे आधी चौकशी केली त्यांतली एकही मेक्सिकोत गाडी न्यायला तयार नव्हती.) माणसं पाच: आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. हातात दोन आठवडे आहेत.

काय काय बघायचं ती यादी कधीच तयार झाली. घोडं अडलंय दुसरीकडेच. अमेरिकेत सांडपाण्याची टाकी भरली की जवळपास कुठेतरी डंप स्टेशन, म्हणजे ती रिकामी करायची जागा, सापडतंच. बाहात मात्र तसली सार्वजनिक सोय धरून चालू नका, असं सगळे सांगतात. मग लोक करतात काय?

आमच्या टाक्या अशा: स्वच्छ पाणी १५० लिटर, करडं म्हणजे आंघोळ-भांड्यांचं १३०, आणि काळं म्हणजे संडासचं ११०. बाहिया कॉन्सेप्सिऑन या खाडीच्या किनाऱ्यावर तीन रात्री तरी राहायचंच आहे, आणि तिथे ना नळ ना गटार. माझं म्हणणं असं की आधी टाक्यांचा हिशोब मांडायचा आणि मग मुक्काम ठरवायचे. ज्या पाण्यात मुलगा पोहणार त्याच्या काठावर घाण सोडून निघून यायचं, हे मला जमणार नाही. नवरा म्हणतो, "आधी निघू तर, सोय होते." जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

पुणेकर_परदेशी
घरातला पुरुष "सोय होते" म्हणाला की ती सोय कोण करतं, हे सगळ्या घरांना ठाऊक आहे. ताई, तुम्ही हिशोब मांडाच. वाचतोय.

बाहाप्रेमी
रानवाटा, हिशोब आधी मांडायचा हे तुमचं अगदी बरोबर आहे. आम्ही हिवाळ्यात बऱ्याचदा खाली जातो. आमचा नकाशा टाकी रिकामी करायच्या ठिकाणांपासून सुरू होतो, बघायची ठिकाणं मग त्यांच्या मध्ये बसवतो.

तुमचे आकडे घेऊनच बघू. माणसं पाच. संडासाचं पॅडल दाबून लागेल तेवढंच पाणी सोडलं तर एका वेळेला लिटरभर जातं. दिवसाला माणशी पाच वेळा धरले तर २५ लिटर, त्यात माणसांचं स्वतःचं आठेक लिटर. म्हणजे रोजचे ३३. तुमची काळी टाकी तीन दिवस जेमतेम पुरेल.

पण आधी भरते ती करडी टाकी, आणि नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही. दोन मिनिटांची आंघोळ म्हणजे दहा-बारा लिटर. पाच जणांचे ५५-६०, भांड्यांचे वर १५. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्हाणीच्या जाळीतून पाणी वर यायला लागेल. त्यामुळे किनाऱ्यावर समुद्रात आंघोळ करायची आणि अंगावरचं मीठ उतरवायला माणशी दोन-तीन लिटर गोडं पाणी. घरातल्यांनी हे मान्य केलं तर तीन रात्री निघतील.

टाकी कुठे रिकामी करायची? खाजगी आरव्ही पार्कात, म्हणजे मोटरहोमच्या मुक्कामतळावर. पूर्ण जोडणी म्हणजे पाणी, वीज आणि गटार, तिन्ही असलेली जागा घ्यायची. मुक्काम नसेल तर थोडे पैसे घेऊन टाकी तेवढी रिकामी करू देणारेही भेटतात, विचारायला हरकत नसते. अशा जागा एन्सेनादा, सान किंतीन, गेरेरो नेग्रो, सान इग्नासियो, मुलेहे आणि लोरेतो या पट्ट्यांत आहेत. गेरेरो नेग्रोत मालारिमो आणि लोरेतोत रिवेरा देल मार ही नावं बहुतेकांच्या तोंडी असतात. पार्कं बंद पडतात, मालक बदलतात, म्हणून निघण्याआधी आयओव्हरलँडर या प्रवाशांच्या ॲपवरच्या ताज्या नोंदी बघा.

तुमचा कळीचा टप्पा सान इग्नासियो ते लोरेतो. सान इग्नासियोत सकाळी टाक्या मोकळ्या करून, स्वच्छ पाणी काठोकाठ भरून निघा. सांता रोसालियापर्यंत सुमारे ७५ किलोमीटर, तिथून मुलेहे ६०, आणि मुलेहेनंतर २०-२५ किलोमीटरवर खाडीचे किनारे सुरू होतात. दुपारी जेवायला किनाऱ्यावर पोचता, तेही रिकाम्या टाक्या घेऊन. तीन रात्रींनी उठून थेट लोरेतो.

मीरा_टेक्सास
बाहाप्रेमी, उपयोगी माहिती. माझी भर विजेची. मेक्सिकोतला दाब १२७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, म्हणजे आपली अमेरिकेतली उपकरणं चालतात. पण पार्कातल्या जोडणीचं अर्थिंग बरेचदा गायब असतं, नाहीतर फेज-न्यूट्रल उलटे असतात. सॉकेटला लावायचा तीन दिव्यांचा टेस्टर घ्या, आणि तो बघितल्याशिवाय गाडीची वायर लावू नका. बऱ्याच जागी १५ अँपिअरचाच साधा सॉकेट असतो. त्यावर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालणार नाहीत.

उनाड_पाऊले
एवढं काय त्याचं? मी व्हॅनने फिरतो. करडं पाणी म्हणजे साबणाचं पाणी, वाळवंटात सोडलं तर तासाभरात वाळतं. तिकडे तिहुआनाचं सांडपाणी वर्षानुवर्षं सरळ समुद्रात जातंय, त्यापायी सीमेच्या अमेरिकेकडचा इम्पीरियल बीच पाण्यात उतरायला पुन्हा पुन्हा बंद ठेवावा लागतो. त्याच्यापुढे तुमच्या १३० लिटरने काय बिघडणार आहे? सहलीला निघालात ना, मजा करा की.

कोकणी_काका
उनाडराव, थोडं सविस्तर लिहितो. महापालिकेच्या मलनिस्सारण विभागात माझी सगळी नोकरी झाली. मुलीकडे कॅलिफोर्नियात आल्यापासून मोटरहोमचाही नाद लागला आहे.

करड्या पाण्यात नुसता साबण नसतो. त्यात अन्नाचे कण असतात, तेल असतं, अंगावरचे जिवाणू असतात. ओलसर, काळ्या मातीत हे लवकर कुजून जातं. कोरड्या वाळवंटी मातीत कुजायला ना ओल असते ना पुरेसे जिवाणू. पाणी उडून जातं, तेलाचा थर आणि वास मागे राहतो, त्यावर माश्या बसतात आणि रात्री कोल्हे येतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर दुसरी गाडी लागते आणि तीही तेच करते.

तिहुआनाचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तिथे घाण उघड्या पॅसिफिकमध्ये जाते आणि तरीसुद्धा किनारे बंद ठेवावे लागतात, यातच काय ते आलं. बाहिया कॉन्सेप्सिऑन ४० किलोमीटर लांब आहे आणि तोंड फक्त उत्तरेला. अशा खाडीतलं पाणी सावकाश पालटतं. खालच्या वाळूत शिंपल्या असतात, स्थानिक लोक आणि पर्यटक त्या खातात. शिंपली पाणी गाळून जगते, त्यामुळे पाण्यात असेल ते तिच्यात साठतं. हिवाळ्यात एकेका किनाऱ्यावर पाच-पंचवीस गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. प्रत्येकजण "माझ्या एकट्याच्या पाण्याने काय होतंय" म्हणाला तर त्या शिंपल्या खाणार कोण?

आणि काळ्या टाकीबद्दल तर चर्चाही नको. ती जमिनीवर सोडायची नाही, कधीच नाही.

गोंयकार
काकांशी शंभर टक्के सहमत. मी ज्या गावचा तिथे हे रोज बघतो. बसगाड्या भरून लोक येतात, किनाऱ्यावर गॅस मांडून जेवण शिजवतात, भांडी तिथेच घासतात, उरलेला भात वाळूत टाकतात आणि संध्याकाळी निघून जातात. सगळं साफ करायचं गावाने. शेवटी २०१९ मध्ये गोव्याला पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं दंडाचं करावं लागलं, २००० रुपये. दंड लावून किती फरक पडला तो वेगळा विषय. पण पाहुण्याने घाण टाकली की यजमानाच्या पोटात कसं कालवतं ते आम्हाला विचारा. मेक्सिकोतल्या त्या खाडीवरच्या कोळ्यांनाही तसंच वाटत असणार. उनाड, रागाने लिहीत नाही, मनापासून सांगतोय.

उनाड_पाऊले
गोंयकार, काका, पटलं. शिंपल्यांचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. पण मग व्हॅनवाल्यांनी करायचं काय? माझ्याकडे टाकीच नाही, सिंकखाली कॅन आहे.

कोकणी_काका
कॅन तर सगळ्यात सोपा. पार्कात मुक्काम असेल तेव्हा तिथल्या गटारात ओता. काही शेतवाडीवाले खजुराच्या झाडांना करडं पाणी घालू देतात, पण मालकाला विचारून, गाळून, आणि त्यात ब्लीच नसेल तरच.

आपल्या स्वयंपाकासाठी एक सवय लावून घ्या. ताटं आणि कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने किंवा टिश्यूने कोरडी पुसून काढायची. फोडणीचं तेल, आमटीचा तळ, भाताची शितं सगळं कागदावर येतं आणि कागद कचऱ्याच्या पिशवीत जातो. मग भांडं धुवायला पेलाभर पाणी पुरतं. करडी टाकी उशिरा भरते आणि वासही येत नाही.

निशिगंध
काका, ही युक्ती उद्यापासूनच. 👌

रानवाटा, कुणी विचारत नाहीये म्हणून मीच विचारते. सासू-सासरे बरोबर आहेत म्हणजे जेट स्प्रे लागणार ना? आमच्या गाडीत सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पाणी कुठंय?" कागदावर भागवायला ते तयार नव्हते, आणि त्यांच्या वयाला आपण ती सक्तीही करू नये. पण स्प्रे लावला की काळी टाकी भराभर भरते.

रानवाटा
निशिगंध, अगदी हाच प्रश्न! विचारायचा संकोच वाटत होता. सासूबाईंनी तर तांब्या सामानात आधीच भरून ठेवलाय.

बाहाप्रेमी
तांब्याच उत्तम! स्प्रेचं पाणी किती गेलं ते कळत नाही, तांब्याचं मोजून जातं. अर्ध्या लिटरचा छोटा तांब्या किंवा दाबून धार येणारी प्लास्टिकची बाटली ठेवा. पाच जणांचे दिवसाला तीन-चार लिटर वाढतील, तेवढे चालतात. शिवाय कागद कमी पडल्यामुळे टाकी चोंदत नाही, हा फायदाच आहे. मेक्सिकोत पार्कांच्या आणि खानावळींच्या संडासात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकतात, कारण नळ्या अरुंद असतात. तिथे पाणी वापरणारी आपली मंडळी आपोआप चांगले पाहुणे ठरतात.

पुणेकर_परदेशी
म्हणजे संपूर्ण बाहात सगळ्यात प्रगत तंत्रज्ञान रानवाटांच्या सासूबाईंच्या बॅगेत आहे. 😄

कोकणी_काका
हसलो. पण खरंच आहे.

आता रसायनांचं. काळ्या टाकीत वास मारायला निळं द्रव घालतात. त्याच्या काही जातींत फॉर्माल्डिहाइड किंवा ब्रोनोपॉल असतं. ते वास घालवतं कारण ते जिवाणूच मारतं. बाहातल्या पार्कांचं गटार बहुतेक ठिकाणी गावच्या नळीला जोडलेलं नसतं. ते जातं पार्काच्या स्वतःच्या सेप्टिक टँकमध्ये आणि पुढे शोषखड्ड्यात. सेप्टिक टँक चालतो तो जिवाणूंच्या जिवावर. गाळ तळाशी बसतो, जिवाणू तो कुजवतात, वरचं निवळ पाणी शोषखड्ड्यात जाऊन मुरतं. दहा गाड्यांनी एका सकाळी जिवाणू मारणारं औषध ओतलं की टँक नुसता हौद होतो. न कुजलेला मैला शोषखड्ड्यात जातो, खड्डा तुंबतो आणि पार्कमालकाच्या गळ्यात हजारो पेसोंचं काम पडतं. म्हणून बाटलीवरचे घटक वाचा आणि एन्झाइमवालं औषध घ्या. ते न मिळाल्यास काही घालू नका, भरपूर पाणी ओता.

दुसरं, पूर्ण जोडणीच्या जागी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून बसू नका. पातळ सगळं वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी थरावर थर साचतं. पुढे त्याचा दगड होतो. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची, म्हणजे लोंढ्याबरोबर तळ निघतो. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. शेवटी काळ्या टाकीत आठ-दहा लिटर पाणी टाकूनच पुढे निघायचं.

बाहाप्रेमी
काकांच्या पोस्टला जोडून, पार्कातल्या गटाराच्या प्रत्यक्ष भोकाविषयी. अमेरिकेतल्यासारखं आटे असलेलं तोंड तिथे क्वचित दिसतं. जमिनीतून चार बोटं वर आलेला पांढरा पीव्हीसी पाइप, त्यावर झाकण म्हणून एक धोंडा. कधी तीन इंची, कधी चार, कधी कुणीतरी करवतीने तिरका कापलेला. आपल्या पाइपाचं टोक त्यात अडकत नाही, आणि व्हॉल्व्ह उघडला की पहिल्या झटक्याला पाइप उसळून बाहेर येतो. त्यासाठी रबराची जाड कडी मिळते, ती भोकात दाबून बसवा, पाइप त्यात खुपसा आणि वर तोच धोंडा ठेवा. व्हॉल्व्ह आधी अगदी थोडा उघडून बघा. हातमोजे अर्थातच. आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळ्या खणात ठेवा, दोन्ही एकत्र कधीच नाहीत.

मालकाला विचारायचं असेल तर "द्रेनाहे" एवढा शब्द पुरतो. सोबत बोटाने गाडीचा मागचा भाग दाखवला की झालं.

मीरा_टेक्सास
पिण्याचं पाणी? पार्कातलं नळाचं पाणी टाकीत भरायचं का?

बाहाप्रेमी
भरायचं, पण आंघोळ-भांड्यांसाठी, तेही फिल्टर लावून. पिण्यासाठी वीस लिटरचा गार्राफोन. गावोगावी शुद्ध पाण्याची दुकानं असतात, रिकामा जार दिला की भरून मिळतो, फार स्वस्त. पाच माणसांना रोज दहा-बारा लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरा. म्हणजे खाडीवरच्या तीन रात्रींसाठी दोन जार.

टाकीतल्या पाण्याची शंका आलीच तर बिनवासाचं साधं ६ टक्क्यांचं ब्लीच, लिटरला दोन थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं. आणि एक लक्षात असू द्या, हा वाळवंटी मुलूख आहे. कित्येक वस्त्यांवर पाणी टँकरने येतं. पार्कात नळ दिसला म्हणून गाडी धूत बसू नका.

भटकंती_बे_एरिया
वाचतेय. एक शंका: रात्री किनाऱ्याऐवजी पेट्रोल पंपावर किंवा रस्त्याच्या कडेला थांबलं तर? वेळ वाचेल.

बाहाप्रेमी
अंधारात गाडी चालवायचीच नाही, हा बाहाचा पहिला नियम. महामार्ग १ पूर्ण झाला १९७३ मध्ये. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत साधारण १७०० किलोमीटर. लांबच लांब पट्ट्यात रस्ता जेमतेम सहा मीटर रुंद आहे आणि बाजूला साइडपट्टीच नाही, डांबर संपलं की सरळ उतार. तुमची गाडी अडीच मीटर रुंद, समोरचा ट्रकही तेवढाच. दोन आरशांमध्ये हातभर जागा उरते. शिवाय रात्री गाई ऊब घ्यायला डांबरावर येऊन बसतात. डिसेंबरात उत्तर बाहात पाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचेल एवढंच अंतर ठेवा.

समोरचा ट्रकवाला डावा दिवा लुकलुकवतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा "रस्ता मोकळा आहे, ओव्हरटेक कर" असा असतो. पण कधी तो खरोखरच डावीकडे वळत असतो. स्वतःला पुढचं दिसत नसेल तर जाऊ नका.

पंपावर नाइलाज झाला तर थांबावं, विचारून. पण तिथे टाकी रिकामी होत नाही, आणि मूळ प्रश्न तोच आहे ना!

प्रवासी_पक्षी
इंधनाचं कुणी लिहिलं नाही. एल रोसारियोला टाकी पूर्ण भरा. त्यानंतर पुढचा भरवशाचा पंप थेट गेरेरो नेग्रोच्या अलीकडे, तीनशेहून जास्त किलोमीटर. मध्ये कातावीन्याला पिंपातून पेट्रोल विकणारे असतात, पण ते अडचणीपुरतं.

कातावीन्या मात्र चुकवू नका. घराएवढ्या गोल शिळा, त्यांच्या मधून उभे कार्दोन निवडुंग, आणि उलट्या गाजरासारखी दिसणारी सिरिओची झाडं. सासऱ्यांना झाडांची आवड असेल तर अर्धा दिवस तिथून हलणार नाहीत. तिथे रात्र काढता येते, पण गटार-पाण्याची अपेक्षा ठेवू नका.

अनु_आजी
मी मुलाबरोबर गेले होते. माझं वय सत्तरीच्या पुढे. रानवाटा, सासूबाईंना सांगा, रस्ता खडबडीत आहे, पण गाडीत स्वतःचा स्वच्छ संडास असणं यासारखं सुख नाही. गावांच्या वेशीवर टोपे म्हणजे गतिरोधक असतात, कधी पाटी असते, कधी नसते. म्हातारी माणसं धावत्या गाडीत मागे उभी राहू नयेत एवढं बघा. बसून पट्टा लावायचा.

सर्दीच्या औषधांचं बघून घ्या. स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या मेक्सिकोत चालत नाहीत, इकडे त्या सर्रास मिळतात.

रानवाटा
अनुआजी, खूप आभार. सासूबाईंना तुमची पोस्ट वाचून दाखवली, त्यांना धीर आला.

कागदपत्रांचं मी शोधलंय, चुकत असेल तर सांगा. आमचे आणि सासू-सासऱ्यांचे अमेरिकेचे व्हिसे वैध आहेत, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मेक्सिकोचा वाहन विमा वेगळा घ्यायचा, कारण अमेरिकेतला तिथे मानत नाहीत. गाडीचा तात्पुरता आयात परवाना बाहापुरता नको.

प्रवासी_पक्षी
बरोबर. दोन गोष्टी जोडा. जमिनीवरून सीमा ओलांडताना तुम्हाला कुणी थांबवलं नाही तरी स्वतःहून थांबून इमिग्रेशनच्या खिडकीवर पर्यटक परवाना करून घ्यायचा, प्रत्येकाचा वेगळा. मोठ्या गाडीला तिहुआनापेक्षा तेकातेची सीमा शांत पडते. आणि पुढे कधी ला पाझहून फेरीने मुख्य भूमीवर जायचं ठरलं तर गाडीचा परवाना लागेल, मोटरहोमला तो दहा वर्षांचा मिळतो.

सुगरण_सॅनहोजे
खाण्याचं विचारते. कढीपत्ता, लिंबं, आंबे नेता येतात का?

बाहाप्रेमी
अठ्ठावीस अक्षांशावर, गेरेरो नेग्रोला, बाहा कॅलिफोर्निया राज्य संपून बाहा कॅलिफोर्निया सूर हे राज्य सुरू होतं. तिथे कृषी तपासणी आहे. फळं काढून घेतात, गाडीच्या खालून औषध फवारतात आणि थोडे पैसे घेतात. तिथेच घड्याळ एक तास पुढे करा. लिंबं काय, पुढे प्रत्येक गावात मिळतात.

कोकणी_काका
कढीपत्त्याचं लक्षात ठेवा, विशेषतः परतताना. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी सिला नावाची कीड त्यावर वाढते, म्हणून ताजी पानं अमेरिकेत आणू देत नाहीत. सीमेवर गाडीचा फ्रीज उघडून बघतात. वाळवलेल्या पानांची पूड करून न्या आणि तिकडेच संपवा.

सह्यकडा
अवांतर: महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तारकर्ली-देवबागला अशा गाड्या आल्या तर त्या टाक्या कुठे रिकाम्या करणार? एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि घरोघरी विहिरी. हा धागा वाचून पहिल्यांदा तेच मनात आलं.

कोकणी_काका
सह्यकडा, प्रश्न अगदी रास्त. वाळूतून मैल्याचं पाणी विहिरीत झिरपायला वेळ लागत नाही. आधी टाक्या उपसायची सोय आणि शुद्धीकरण, मग गाड्या, असाच क्रम हवा. वेगळा धागा काढा, मी लिहीन.

निशिगंध
मूळ प्रश्नाकडे येऊया का? रानवाटा, तुमचा नवा आराखडा टाका ना.

रानवाटा
टाकते. नवराही आता वही घेऊन बसलाय.

तेकातेहून एन्सेनादा, गटार असलेली जागा. तिथून सान किंतीन, पुन्हा गटार. सकाळी टाक्या मोकळ्या, एल रोसारियोला पेट्रोल, रात्र कातावीन्यात, तिथे आंघोळीला सुट्टी. मग गेरेरो नेग्रो आणि पुढे सान इग्नासियो, दोन्हीकडे गटार. सान इग्नासियोत दोन रात्री, मिशनचं चर्च आणि खजुराची बाग बघायला. मग काठोकाठ पाणी, दोन जार आणि रिकाम्या टाक्या घेऊन खाडीवर तीन रात्री. कचऱ्याच्या पिशव्या मागच्या खणात, त्या लोरेतोला टाकायच्या. लोरेतोत दोन रात्री. परतीला मुलेहे, गेरेरो नेग्रो, सान किंतीन. गेरेरो नेग्रोत देवमासे बघायला मिळतील का?

प्रवासी_पक्षी
डिसेंबरअखेर करडे देवमासे ओहो दे लिएब्रेच्या खाजणात नुकते यायला लागतात. पिल्लांसह बघायचे तर फेब्रुवारी. या खेपेला मुलाला फार आशा लावू नका, मिठागरं दाखवा.

बाहाप्रेमी
आराखडा मस्त. दोन बदल सुचवतो. खाडीवर हिवाळ्यात उत्तरेचा वारा दोन-दोन दिवस जोरात वाहतो. गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावा आणि रात्री बाहेरचं कापडी छत गुंडाळून ठेवा. वारा असह्य झाला तर एक रात्र आधी उठून लोरेतो गाठायची तयारी असू द्या. तिथल्या पार्काला तसं आधीच कळवून ठेवा.

दुसरं, सान किंतीनहून थेट सीमेवर जाऊ नका. एन्सेनादाला शेवटचा मुक्काम करून टाक्या रिकाम्या करा. सीमेच्या रांगेत तासन् तास जातात आणि गाडीतला संडास तेव्हाच सगळ्यात जास्त वापरला जातो.

उनाड_पाऊले
मी पण जानेवारीत जातोय. सिंकखालचा कॅन वीस लिटरचा घेतला, झाकणाचा. एन्सेनादाला ओतून बघतो.

रानवाटा
एन्सेनादा वाढवलं, एक रात्र लोरेतोची कमी करून. परत आल्यावर कुठल्या पार्कात गटार चालू होतं, कुठे बंद, पाणी कसं होतं, सगळं याच धाग्यावर लिहीन, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

बाहाप्रेमी
पाइपाचा व्यासही लिहा, तीन इंची की चार. तेच कुठे सापडत नाही.